गुरुवारी मोजलेलं शेत

कोको छान वाळला होता. हातात घेऊन हलवला की खुळखुळायचा. आमच्या गावात असा कोको दुसऱ्या कुणाचा निघत नाही, आणि हे मी नाही, लोक म्हणतात. तरी खरेदी केंद्रावरच्या कारकुनाने पोत्यांना हातसुद्धा लावला नाही. त्याने फोन माझ्यासमोर धरला. त्यात माझं शेत लालभडक दिसत होतं.

"दुफिए मावशी, तुझं शेत राखीव जंगलात घुसलंय," तो म्हणाला. "युरोपचा नवा कायदा आहे. दोन हजार वीसनंतर जंगल तोडून लावलेला कोको ते घेत नाहीत. असला माल मी घेतला तर बंदरावरून अख्खा ट्रक परत येईल."

"माझ्या आईने लावलीत ती झाडं. तेव्हा तुझा बापसुद्धा चड्डीत होता."

"मला माहीत आहे गं. पण या फोनला कोण सांगणार?"

रेडिओवर रोज यावरच वाद चालतो. एक म्हणतो, कायदा झाडं वाचवायला आहे. दुसरा म्हणतो, कसली झाडं, आमचा माल अडवायचा डाव आहे; स्वतःची जंगलं खाऊन ढेकर दिली आणि आता आमची मोजायला निघालेत. सरकारं आपसांत भांडतायत म्हणे. भांडोत बापडी. इकडे शनिवारी ट्रक जाणार होता आणि माझा वर्षाचा कोको अंगणात पडून होता. त्याच्याशिवाय मला विकायला दुसरं काही नाही.

घरी येईपर्यंत माझा संशय न्तिआमोआवर जाऊन बसला. त्याचं शेत माझ्या शेताला लागून, आम्ही एका वयाचे, आणि हद्दीवरून आमची जुनी कुरबुर. मागच्या महिन्यात माझं शेत मोजून गेली त्या मोजणीवालीचे कान यानेच भरले असणार. त्याच्या दारात उभी राहून मी असा तोंडाचा पट्टा सोडला की सगळी गल्ली बाहेर आली. तो अंगणात कसावा सोलत होता. मान वर न करता सगळं ऐकून घेतलं. चोराच्या उलट्या बोंबा तरी असतात, याच्या तोंडून शब्द नाही, म्हणून मी आणखीच भडकले.

शुक्रवारी सकाळी मोजणीवाली मावुसी आली. मीच फोन करून तिला बोलावून घेतलं होतं. ही पोर पार पूर्वेकडच्या हो शहराची, आमच्या भागात नवी. फोन हातात धरून शेताभोवती फिरायचं, की नकाशा आपोआप काढला जातो, हे तिचं काम. हद्द चालायची तर शेजारी हजर हवा, अशी आमची रीत. न्तिआमोआ न बोलावताच आला होता. हातात कोयता घेऊन.

आम्ही न्तोमेच्या झाडांच्या कडेने निघालो. आमच्याकडे हद्दीवर हेच झाड लावतात आणि भांडण झालं तर त्याचीच साक्ष धरतात. थोडं चालल्यावर मावुसी थबकली.

"मावशी, मागच्या वेळी आपण इथून नव्हतो चाललो."

"मग कुठून चाललो?"

"त्या पायवाटेने. गुरुवार होता ना. तूच म्हणालीस, गुरुवारी धरणीमाता आराम करते, आज कुणी शेतात पाय ठेवायचा नाही. बाहेरून फिरलीस तरी शेत काय पळून जातंय?"

 ती पायवाट दलदल चुकवायला राखीव जंगलात शिरते आणि बऱ्याच अंतराने बाहेर येते. मधलं सगळं जंगल मीच धर्माच्या नावाने माझ्या शेतात ओढून घेतलं होतं. न्तिआमोआने माझ्याकडे पाहिलं. तो हसला असता तर मला परवडलं असतं.

फेरी पुरी झाली. फोनने बराच वेळ घेतला आणि शेत हिरवं झालं. मी होते तिथेच खाली बसले आणि रडले. लाज कसली त्यात? दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता छातीवरचं ओझं उतरलं, आणि गेले दोन दिवस मी धड श्वाससुद्धा घेतला नव्हता हे मला तेव्हा कळलं.

उठताना न्तिआमोआच्या शेताकडे नजर गेली. जंगलाकडच्या अख्ख्या ओळीत प्रत्येक खोडावर पांढरा पट्टा होता.

"हा चुना कशाला फासलाय?"

"तोडायची आहेत ती," तो म्हणाला. "आजच. माझंही शेत लाल आहे."

"आणि तोडून काय होणार?"

"जंगलाला टेकलेली ओळ काढली तर सोडतील, असं वाटलं."

"अरे, कुणाला विचारायचंस तरी."

"काय विचारू? मी जंगल खाल्लं का म्हणून? तू तर न विचारताच मला गल्लीभर चोर ठरवलंस."

मी मावुसीकडे वळले. "याचं शेत कधी मोजलंस?"

"त्याच दिवशी, तुझ्यानंतर लगेच. हे काका शेतातून जाऊ म्हणत होते. तूच ओरडून पायवाटेने जायला लावलंस."

पस्तीस वर्षांची झाडं. मी सकाळी थोडी उशिरा उठले असते तर अर्धी ओळ आडवी झाली असती, आणि तीही माझ्या जिभेपायी.

"तो कोयता इकडे दे," मी म्हणाले. त्याने दिला. "चूक माझी आहे, न्तिआमोआ. तुझ्या दारात बोलले तेही चुकलं."

"ते सगळ्या गल्लीने ऐकलं. हे फक्त या पोरीने ऐकलं."

"गल्लीलाही सांगते. आधी तुझ्या शेताची हद्द चाल."

त्याचा गुडघा दुखतो, म्हणून आम्ही हळू चाललो. प्रत्येक न्तोमेपाशी तो थांबायचा, आणि हद्दीची खूण म्हणून मी माझ्या बाजूने हात लावायचे. या वेळी एकाही झाडावरून आम्ही भांडलो नाही. शेवटच्या कोपऱ्यावर मावुसीने फोन त्याच्यापुढे धरला. त्याला जवळचं दिसत नाही.

"कोणता रंग?" त्याने विचारलं.

"हिरवा," मी सांगितलं.

त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग तो चुन्याच्या ओळीतल्या पहिल्या झाडापाशी गेला आणि त्याच्या खोडाला पाठ टेकवून खाली बसला.