चादरीचे दुसरे टोक

“माझ्या ढिगात बारा चादरी जास्त आहेत,” थोरली म्हणाली. “तू ठेवल्यास का?”

“मी कशाला ठेवू? मोजायला चुकली असशील.” धाकटीने मान वर न करता हातातली चादर चिमट्यातून सोडवली.

“तीस वर्षं मोजतेय मी.”

“मग आज चुकलीस. आणि हळू बोल, साहेब खोलीच्या काचेतून बघताहेत.”

 उजवा खांदा जरा खाली सोडून थोरली आपल्या टेबलाकडे परत गेली.

रुग्णालयाचे धुलाईघर तळघरात होते. भिंतीच्या एका बाजूला ओले काम. वॉर्डांतून आलेली मळकी गाठोडी सोडायची, यंत्रात भरायची, धुतलेले जड कपडे ओढून काढायचे. दुसऱ्या बाजूला कोरडे काम. वाळवणी यंत्रातून निघालेल्या गरम चादरींच्या घड्या घालायच्या आणि ट्रॉलीवरून कोठीत नेऊन ठेवायच्या. कोरड्या बाजूला तिघी होत्या. थोरली, धाकटी आणि चष्मेवाली. धाकटीला एकावन्नावे लागले होते, तिचा नातू शाळेत जात होता. पण ती कामावर आली तेव्हा सगळ्यांत लहान होती, आणि तेव्हाचे नाव तिला चिकटले ते चिकटलेच. थोरली तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते, आणि तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

पूर्वी याने काही अडत नसे. चादरीची घडी दोघी मिळून घालत. एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन. झटका देऊन ताणायची, मधोमध दुमडायची, मग एकमेकींकडे चालत जायचे आणि आपले कोपरे समोरचीच्या हातात द्यायचे. दिवसातून शंभर वेळा तोंडासमोर तोंड येई. तेवढ्यात सुनेचे गाऱ्हाणे होई, दुखण्याची चौकशी होई, कुणाची तरी टिंगल होई. चष्मेवाली कधी हिच्याबरोबर, कधी तिच्याबरोबर. थोरलीचा हात गेल्या वर्षी दुखायला लागला तसे वर उचलायचे टोक धाकटीने आपल्याकडे घेतले. त्याबद्दल दोघींत एक शब्द झाला नाही.

तेव्हा मुकादम होते. माणूस तुसडा. शाबासकी म्हणून त्यांच्या तोंडून कधी निघाली नाही. ढिगातली मधलीच एखादी चादर ओढून बघायचे आणि घडी तिरकी असली तर अख्खा ढीग परत करायचे. पण रोज सकाळी ते वर वॉर्डांतून चक्कर मारून येत आणि टोपी खुंटीला अडकवता अडकवता सांगत, “काल रात्री जुळं झालं. दोन्ही पोरी. चादरी कमी पडल्या, चार जास्त द्या.” किंवा, “कोपऱ्यातला म्हातारा गेला. शेवटची चादर स्वच्छ होती हो, त्याच्या मुलीने विचारलं कोण धुतं म्हणून.” मग तिघी ते दिवसभर चघळत. जिना चढून वर जायची कुणाला गरज पडत नसे, तरी वर काय चालले आहे ते तळघराला ठाऊक असे.

मुकादम निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. तसे वाईट नव्हते. त्यांनी पंखे लावून घेतले, बसायला खुर्च्या आणल्या, पाण्याचे थंड यंत्र आणले. माणसांकडून काम कसे करून घ्यावे याचे शिक्षण त्यांनी घेतले होते. दर सोमवारी ते सगळ्यांना गोल उभे करून टाळ्या वाजवायला लावत. तीन महिन्यांनी एकदा कागद वाटत. त्यावर हसरा, साधा आणि रडका असे तीन चेहरे असत. आपण कामावर किती खूश आहोत त्यावर खूण करायची.

दुसऱ्याच महिन्यात त्यांनी प्रत्येकीला वेगळे टेबल दिले. टेबलाच्या वर दांडा, दांड्याला चिमटे. चादर चिमट्यात अडकवायची की एकटीला घडी घालता येते. “दोघींचं काम एकीत होतं, आणि कुणी किती केलं ते कळतं,” साहेब म्हणाले. ते खरे होते. भिंतीवर फळा आला. फळ्यावर रोजचे आकडे आले. जिचा आकडा सगळ्यांत मोठा तिच्यापुढे चांदणी. आणि जिचा आकडा दोन महिने एकशे साठच्या खाली राहील तिने ओल्या बाजूला जायचे.

चिमटे खांद्याच्या वर होते. थोरली डाव्या हाताने अडकवी, त्याला दुप्पट वेळ लागे. दिवसभर राबून तिच्या एकशे वीस होत. ओल्या बाजूला पाण्याने भरलेले कपडे ओढायचे, म्हणजे तिला आठ दिवससुद्धा निघाले नसते. आणि आत्ता नोकरी सोडली तर पेन्शन अर्धी. घरात नवरा अंथरुणाला खिळलेला.

म्हणून बारा चादरी. धाकटीचा हात चपळ होता. ट्रॉली कोठीकडे नेताना थोरलीच्या टेबलाजवळ ती जरा थांबे आणि वरच्या चादरी उचलून तिच्या ढिगावर ठेवी. बाराच्या वीस झाल्या, वीसच्या चाळीस. त्यासाठी ती अर्धा तास आधी येऊ लागली, चहाला उठेनाशी झाली. थोरलीने दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले नाही. तीही गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याची तिला लाज वाटत होती हे धाकटीला दिसत होते.

घरी गेल्यावर धाकटी भिंतीला पाठ टेकून बसे. नवरा पाण्याचा तांब्या पुढे करी.

“काय म्हणतंय वरचं? काही बातमी?” तो सवयीने विचारी. मुकादमांच्या बातम्या इतकी वर्षे त्यालाही मिळत होत्या.

“मला काय माहीत?”

“जन्मलं-बिन्मलं असेल कोणीतरी.”

“असेल. आमच्याकडे चादर येते आणि चादर जाते.”

“मग तुला चांदणी मिळाली का?”

“चांदणीला काय करू, वाळत घालू?”

तो हसला. ती हसली नाही. तिचे तळवे दुखत होते.

महिनाअखेरीला फळ्याकडे बघून धाकटी चक्रावली. थोरलीपुढे दोनशे पाच होते, आणि चांदणी. एकशे वीस तिच्या, चाळीस आपल्या. उरलेल्या कुठून आल्या?

नळावर हात धुताना चष्मेवाली शेजारी आली. ती मितभाषी बाई, आणि टेबले वेगळी झाल्यापासून तर तिचा आवाजच ऐकू आला नव्हता.

“जास्त झालं वाटतं जरा,” ती पुटपुटली.

“काय जास्त झालं?”

“मी रोज पंचेचाळीस टाकते गं तिच्यात. एकशे साठ व्हाव्यात म्हणून.”

धाकटीने नळ बंद केला. “आणि मी चाळीस.”

 चष्मेवालीने चष्मा काढून पदराने पुसला. “मला सांगायचंस तरी.”

“कधी सांगू? बोललं की साहेब काचेवर टकटक करतात.”

सोमवारी टाळ्या झाल्यावर साहेबांनी थोरलीला मधे उभे केले. “सत्तावन्न वर्षं वय, आणि आकडा दोनशे पाच. मनात असलं की होतं. या करू शकतात तर कोणीही करू शकेल. पुढच्या महिन्यापासून आपण एकशे ऐंशी धरू या. आणि गुरुवारी वरून मोठे लोक येणार आहेत, त्यांच्यासमोर या बाई काम करून दाखवतील.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनेही वाजवल्या, हात पोटाजवळ धरून.

डबा खाताना ती दोघींना म्हणाली, “चांगलं केलंत. एकदम डोक्यावरच बसवलंत मला.”

“खरं सांगून टाकू आपण,” चष्मेवाली म्हणाली.

“आणि काय होईल? तुमचे आकडे खोटे, माझा खोटा. तिघींना काढतील. गुरुवारी पाच-दहा चादरी निघतील माझ्याच्याने. तेवढं होईल.”

“हात वर जातो का?” धाकटीने विचारले.

“नेईन वर.”

गुरुवारी चौघे आले, त्यात एक बाई होत्या. साहेबांनी नवा शर्ट घातला होता. ते आकड्यांबद्दल बोलत होते आणि मधूनमधून कपाळ पुसत होते. थोरलीने पहिली चादर चिमट्यात लावली. घडी सुरेख झाली. दुसरीही झाली. तिसरीला डावा हात थकला म्हणून तिने उजवा वर नेला. तो छातीपर्यंत गेला आणि थांबला. तिने पुन्हा जोर केला. चादर हातातून सुटली आणि फरशीवर पसरली.

फरशीवर पडलेली चादर पुन्हा धुवायला जाते. ती उचलायला कोणीच वाकले नाही. 

धाकटीने आपले टेबल सोडले. पडलेली चादर गोळा करून ओल्या टोपलीत टाकली, टेबलावरची दुसरी घेतली आणि तिचे दोन कोपरे थोरलीसमोर धरले. थोरलीने ते घेतले. ताणली, दुमडली, दोघी चालत आल्या, कोपरे हातात दिले. मग चौथी. मग पाचवी. पाहुण्या बाईंनी घड्याळात पाहिले. एकाने साहेबांना हळूच काही विचारले. साहेब म्हणाले, “मी कळवतो,” आणि सगळे जिन्याकडे गेले.

संध्याकाळी साहेबांनी थोरलीला आणि धाकटीला काचेच्या खोलीत बोलावले. ते खुर्चीत बसले होते, शर्टाचे वरचे बटण उघडे होते.

“किती दिवस चाललं होतं हे?”

“दोन महिने,” धाकटी म्हणाली. चष्मेवालीचे नाव तिने घेतले नाही.

“मला सांगायला काय झालं होतं? मी कधी ओरडलोय तुमच्यावर? पंखे मागितले नव्हते तरी लावले. कागदावर तिघींनी हसऱ्या चेहऱ्यावर खूण केलीत.”

“तुम्ही समोर उभे होता साहेब,” थोरली म्हणाली.

साहेब टेबलाकडे बघून म्हणाले, “मलाही वर आकडा द्यावा लागतो. त्यांच्याकडे माझाही फळा आहे.” मग कागद पुढे ओढून म्हणाले, “बाईंचे खरे आकडे नियमात बसत नाहीत. ओल्या बाजूला एक माणूस कमी आहे. मला त्यांना तिकडे लिहावं लागेल.”

“तिकडे माणूस हवं ना?” धाकटी म्हणाली. “मी जाते.”

“तुम्ही? तुमचा हात इथला सगळ्यात चांगला आहे.”

“मग तिकडेही चांगला चालेल.”

“डोकं फिरलंय हिचं,” थोरली म्हणाली. “हिचं ऐकू नका साहेब. हिच्या गुडघ्यांत पाणी उतरतं थंडीत.”

“गुडघे माझे आहेत.”

“आणि खांदा माझा आहे. मी बघीन काय ते.”

“बघितलं आज सगळ्यांनी.”

थोरलीने तोंड फिरवले. साहेब दोघींकडे आळीपाळीने बघत होते. “यांचा आकडा इथेही कमीच दिसेल,” ते म्हणाले.

“दिसू दे,” धाकटी म्हणाली. “नऊच महिने दिसेल. खरा असेल.”

साहेबांनी पेन उचलले. मग धाकटीचे नाव लिहिले.

ओल्या बाजूला रबरी बूट घालावे लागतात. पाणी तरीही आत शिरते. पहिल्या आठवड्यात धाकटीच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली. तिथे यंत्रांचा आवाज इतका की कोणी कोणाशी बोलत नाही. तिथल्या जुन्या कामगाराने तिला गाठोडे कमरेने कसे उचलायचे ते खुणेने दाखवले, आणि दुसऱ्या दिवशी हातमोज्यांची बरी जोडी काढून दिली. पलीकडे फळ्यावर थोरलीपुढे एकशे अठरा, एकशे एकवीस असे आकडे येत राहिले. साहेब ते स्वतःच लिहीत, आणि विसरल्यासारखे करून त्यांनी चांदणी देणे हळूहळू बंद केले. सोमवारच्या टाळ्या चालूच होत्या.

एका संध्याकाळी पाळी संपल्यावर धाकटी बाकावर बसली होती. बूट निघत नव्हते. पाय सुजून आत घट्ट बसले होते. ती वाकली, पण गुडघा दुमडेना, म्हणून तशीच बसून राहिली. थोरली घरी निघाली होती, पिशवी खांद्याला होती. तिने पिशवी खाली ठेवली, धाकटीसमोर जमिनीवर बसली आणि डाव्या हाताने बुटाची टाच धरली.

“राहू दे गं,” धाकटी म्हणाली.

“पाय सैल सोड.”

एकाच हाताने ओढायचे म्हणून वेळ लागला. पहिला बूट निघाला. दुसरा निघाला तेव्हा त्यातून ओंजळभर पाणी फरशीवर सांडले. थोरलीने ते फडक्याने पुसून काढले, दोन्ही बूट पालथे करून भिंतीला लावले, आणि धाकटीच्या खांद्याचा आधार घेऊन सावकाश उठली.