घड्याळजींनी हवा काढली

कॅरव्हान, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, परसात उभी राहून आठ वर्षं झाली होती, आणि या आठ वर्षांत ती एकदाच हलली होती. तीही तिच्याखालचं गवत कापायला, चार हात पुढे आणि चार हात मागे. घड्याळजींनी ती हौसेने आणली, धुतली, पुसली, तिच्या खिडक्यांना पडदे लावले, आणि दर वर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत तिला नुसतं बघत राहिले.

शेवटी बायकोने तोंड उघडलं. ती दवाखान्यात नर्स होती आणि वीस वर्षं कुणाच्या रडण्याला न भुलता सुया टोचत आली होती. तिने सांगितलं, तळ्यापर्यंत एक फेरी करायची. ती सुखाची झाली तर कॅरव्हान राहील. नाही झाली तर सोमवारी शेजारचा बेकरीवाला तिला ओढून नेईल. त्याला कोंबड्यांसाठी काहीतरी छपराचं हवंच होतं. आणि हो, घड्याळदुरुस्तीचं दुकान बरोबर घ्यायचं नाही. एक स्क्रूड्रायव्हरसुद्धा नाही.

घड्याळजींच्या डोळ्यांपुढे कोंबड्या आल्या. कॅरव्हानच्या पडद्यांवर बसलेल्या.

त्यांनी त्याच दिवशी वेळापत्रक केलं. तळं तीनशे तीस किलोमीटर. निघणं आठ वाजून पाच मिनिटांनी, ताशी एकशे दहाने जायचं, पोहोचणं अकरा वाजून पाच मिनिटांनी. अकरा सहाला खुर्च्या बाहेर. रस्ता आपल्या दुकानातल्या घड्याळांसारखा चालतो अशी त्यांची समजूत होती, म्हणजे चावी दिली की झालं.

टायर त्यांनी स्वतः पाहिले. अगदी कोरे. नक्षी जशीच्या तशी, कुठे झिजल्याची खूण नाही. आठ वर्षांत आठ हात चाललेला टायर झिजणार तरी कसा? त्यावर त्यांनी काळं पॉलिश मारलं, तेव्हा तर बेकरीवाल्यानेही कुंपणावरून मान डोलावली.

आता खरी भानगड. दुकानात दुरुस्त होऊन आलेली सात घड्याळं होती, ठोके देणारी, संगमरवरी बैठकीची, एकेक पाटा-वरवंट्याएवढं जड. त्यांना रोज चावी द्यावी लागे. नाही दिली तर ती बंद पडत, आणि बंद पडलेलं घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात देणं म्हणजे घड्याळजींना मेल्याहून मेल्यासारखं. म्हणून पहाटे बायको अंघोळीला गेली असताना त्यांनी सातही घड्याळं कॅरव्हानच्या अगदी मागच्या टोकाला, पलंगावरच्या गादीत निजवली आणि वर रजई ओढली.

मग मनात आलं, यांना धक्के बसतील. गादी मऊ आहे, पण चाकं? त्यांनी टायरवर हात ठेवला. दगड. तेव्हा घड्याळजींनी खाली बसून, अगदी प्रेमाने, दोन्ही टायरांची थोडी थोडी हवा सोडली. सुस्स. जरा आणखी. सुस्स. टायरच्या पोटाला बोट लावल्यावर दबलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

आठ वाजून पाच मिनिटांनी ते निघाले. पहिला तासभर सगळं छान चाललं. फक्त गाडीच्या मागे काहीतरी आळोखेपिळोखे देतंय असं त्यांना वाटत होतं, पण वेळापत्रकात आळोख्यापिळोख्यांना जागा नव्हती. नऊ वाजून वीस मिनिटांनी उतार लागला. पुढे एक ट्रक रांगत होता. घड्याळजींनी काटा एकशे दहावर नेला आणि ट्रकला मागे टाकायला शेजारच्या लेनमध्ये शिरले.

ट्रकच्या बाजूने वाऱ्याचा झोत आला आणि कॅरव्हानने शेपूट हलवायला घेतली. आधी इकडे, मग तिकडे, मग पुन्हा इकडे, पण प्रत्येक वेळी आणखी लांब. आरशात कधी डावीकडचा पडदा दिसे, कधी उजवीकडचा. घड्याळजींचा पाय ब्रेककडे धावला.

"ब्रेक नको," बायको म्हणाली, सुई टोचण्याआधीच्या आवाजात. "अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचला. स्टिअरिंग सरळ धरा. नुसतं धरा, तिच्याशी भांडू नका."

कॅरव्हानबरोबर आलेलं पुस्तक घरात तिने एकटीनेच वाचलं होतं. घड्याळजींच्या मते पुस्तकं ज्यांच्या बोटांत कला नाही त्यांच्यासाठी असतात. पण त्या क्षणी त्यांच्या बोटांत फक्त घाम होता, म्हणून त्यांनी मुकाट्याने ऐकलं. काटा नव्वदवर आला, ऐंशीवर, सत्तरवर. शेपूट हळूहळू गप्प झाली. ट्रकवाला पुढे निघून गेला आणि जाताना त्याने हात जोडले, नमस्काराला की वैतागून, ते कळलं नाही.

पुढच्या फाट्यावर टायरचं दुकान होतं. दुकान चालवणाऱ्या बाईंना आजूबाजूचे सगळे मावशी म्हणत, बहुतेकांपेक्षा त्या लहान असूनही. नर्सने उतरल्या उतरल्या टायरला तळहाताची उलटी बाजू लावली आणि झटकन मागे घेतली. याला सणकून ताप आहे म्हणाली. मावशींनी कोपऱ्यातलं हवा मोजायचं गेज आणलं, टेकवलं, आणि एकदा गेजकडे आणि एकदा घड्याळजींकडे पाहिलं. टायरवर लिहिलंय पन्नास, आणि तेही थंड असताना, सकाळी निघण्याआधी भरायचं. इथे तापून फुगल्यावरसुद्धा छत्तीस भरतंय. इतक्या कमी हवेवर टायर रस्त्याला फतकल मारून बसतो, तापतो, आणि एक दिवस फाटतो. मग त्यांनी रबर कापडाने घासलं. पॉलिश निघालं आणि खालून बारीक भेगांची जाळी दिसली. कडेचे चार आकडे वाचून त्यांनी सांगितलं, टायर अकरा वर्षांपूर्वी तयार झालाय. वेग लिहिलाय ताशी शंभर, त्याच्या पुढे नाही, तोही नव्या टायरचा.

"पण ते वापरलेच नाहीत," घड्याळजी म्हणाले.

बायको हसली नाही, पण नाकपुड्या हलल्या. "कपाटात ठेवलेलं घड्याळ घेऊन कुणी आलं की तुम्ही त्याला काय ऐकवता? चालवलं नाही म्हणून बिघडलं. आत तेल वाळलं. अर्धा तास ऐकवता."

घड्याळजींनी कापड उचललं आणि निघालेलं पॉलिश निरखून पाहिलं.

मावशींनी विचारलं, हवा गेली कशी? व्हॉल्व्ह तर धड आहेत. कुणी मुद्दाम काढली का? इथे घड्याळजींना एक सोपं खोटं सुचलं, बेकरीवाल्याचं नावही अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात कॅरव्हानच्या पोटात दहाचे ठोके सुरू झाले. एकाचे संपतात तोवर दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. हेलकाव्यांनी सातही जणांची एकवाक्यता गेली होती. सत्तर ठोके होईपर्यंत तिघंही शांत उभे होते. मध्ये मावशींनी एकदा डोक्यावर हात मारला, तेवढंच.

"मी काढली," घड्याळजी म्हणाले. "घड्याळांना धक्के बसू नयेत म्हणून. पहाटे लपवून ठेवली. सोमवारी बेकरीवाल्याला कॅरव्हान नेऊ दे. माझं काही म्हणणं नाही."

बायकोने मागचं दार उघडलं, रजई उचलली आणि बराच वेळ आत पाहिलं. मग ती पायरीवरच बसली आणि इतकी हसली की मावशींनी तिला पाणी आणून दिलं. माणसाला मिठी मारताना हे कधी इतका विचार करत नाहीत, असं ती पाण्याच्या घोटांमध्ये मावशींना सांगत होती.

दोन नवे टायर बसले, थंड असतानाच पन्नास हवा भरली गेली. मावशींच्या सांगण्यावरून घड्याळं मागून उचलून चाकांच्या जरासं पुढे, कॅरव्हानच्या आतल्या जमिनीवर आली. शेपटीला वजन दिलं की ती हलणारच. नव्वदच्या वर जायचं नाही, उतारावर ऐंशी, आणि थांबाल तिथे टायरला हात लावून बघायचं, असं मावशींनी नर्सला सांगितलं. घड्याळजींना त्यांनी काही सांगितलं नाही.

किल्ली बायकोने घेतली. काटा पंच्याऐंशीवर बसला आणि तिथेच राहिला. त्यांना ट्रक ओलांडून गेले, बस गेली, एक मुलगी स्कूटरवरून बडबडत गेली. घड्याळजींच्या खिशातलं वेळापत्रक दीड तास मागे पडलं, मग दोन. मागे कॅरव्हान मात्र ओढल्या दोरीसारखी सरळ येत होती. बायकोने खिडकी खाली केली, कोपर बाहेर टेकवलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच गाडीत गुणगुणायला लागली.

तळ्याच्या अलीकडे बेकरीवाल्याचा फोन आला. तिने तो नवऱ्याकडे दिला आणि रस्त्यावरून नजर न काढता म्हणाली, "त्यांना सांगा, दुसरं छप्पर शोधा म्हणावं. ही आम्हाला लागते."

घड्याळजींनी सांगितलं. मग हौसेने दुसऱ्यांदा सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांनी वेळापत्रकाचा कागद उलटा केला आणि पेन काढलं. मग त्यांनी विचारलं, पुढच्या महिन्यात समुद्राकडे जायचं का.

"जाऊ की."

"किती वाजता निघायचं?"

"जाग आली की," ती म्हणाली, आणि आणखी एका ट्रकला हाताने पुढे जायची वाट दिली.