चौदा खेपा

ओडीलने फावड्याचा दांडा नदीकाठच्या गाळात खुपसला. वीतभर आत गेला, तरी खडी लागली नाही. एप्रिलच्या पाण्याखाली हिवाळ्यात रस्त्यावर मिठासोबत टाकतात ती करडी वाळू जिभेसारखी पसरली होती. ज्या खडीत ट्राउट माशांची अंडी होती, नेमकी तिच्यावर.

"मीठ किती?" तिने विचारलं.

अरमाँ काकांनी पाण्यातलं मापक काढून बाहीला पुसलं. "लोणचं मुरेल इतकं."

काका तिच्या वडिलांचे मित्र. गावातून उचललेला बर्फ नदीकाठच्या बांधाच्या आतच टाकायचा, वितळलेलं पाणी तिथल्या तळ्यात निवळलं की मगच नदीला सोडायचं, हा नियम या दोघांनी गावसभेत भांडून करवून घेतला होता. वडील स्वतः बर्फ लोटणारा ट्रक चालवायचे. ओडील आता त्याच ट्रकवाल्यांची मुकादम होती.

काकांनी खिशातून नदी समितीचा तक्रारीचा कागद काढला. "तुझ्या ट्रकवाल्या रेनोचं नाव घातलंय. विचारलं तर म्हणतो, हो, बर्फ नदीत मीच टाकला. कुणी सांगितलं, तर तोंडाला कुलूप. आता नोकरी जाईल गधड्याची."

ओडील दांडा उपसून हातमोज्याने पुसत राहिली.

फेब्रुवारीत बाबा गेले तेव्हा जमीन गोठलेली, म्हणून दफन मे महिन्यावर. पण निरोप तेव्हाच दिला. रेनोचा सोडून गावाचे सगळे ट्रक दिवे लावून चर्चपासून बांधाच्या फाटकापर्यंत रांगेत उभे राहिले. ट्रकवाला गेला की तिथे असंच करतात. चर्चसमोरचा बर्फ आत न्यायला वाटच उरली नाही.

"बांधापलीकडे टाक," ती रेनोला म्हणाली होती. "बाबा येण्याआधी रस्ता साफ, काळा दिसला पाहिजे."

"बाई, पलीकडे नदी आहे."

"मला शिकवू नकोस."

चौदा खेपा झाल्या होत्या.

"काका, रेनोला मी सांगितलं होतं."

"कधी?"

"बाबांच्या दिवशी."

काकांनी मापक खिशात घातलं. "त्या रस्त्यासाठी मी तुझी पाठ थोपटली होती," ते म्हणाले. "बर्फ कुठे गेला, ते विचारलं नाही."

मग त्यांनी रेनोचं नाव खोडून कागद तिच्यापुढे धरला. "लिही. खाली कारणही लिही. समितीतली माणसं दगडाची नाहीत, समजून घेतील."

तिने नाव लिहिलं. आडनावाशी पेन अडखळलं. समितीच्या कागदांवर 'पेलतिए' आजवर फक्त तक्रार करणाऱ्याच्या ओळीत आलं होतं.

कारणाच्या रकान्यात तिने 'वडिलांच्या' एवढं लिहिलं. थांबली. ते खोडून शेजारी 'घाई' लिहिलं.

काकांनी वाचलं. "एवढंच?"

"एवढंच. आणि रेनोला निरोप धाडू नका. मी जाते त्याच्याकडे."