चांगला भाग

आमच्या घरात भांडण व्हायला फार काही लागत नाही, आणि त्यात मी असले तर काहीच लागत नाही. पण त्या कार्यक्रमावरून झालेलं भांडण मी सुरू केलेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. ते माझ्या धाकट्या भावानं सुरू केलं.

कार्यक्रम होता छळलेल्या प्राण्यांच्या सुटकेचा. दर रविवारी संध्याकाळी लागायचा. साखळीनं बांधून उपाशी ठेवलेला कुत्रा, अंधाऱ्या खोलीत कोंडलेली मांजरं, असं काहीतरी आधी दाखवायचे. मग सुटका करणारी माणसं येऊन कुलूप तोडायची. मग दवाखाना, मलमपट्टी, नवं घर. सगळ्यात शेवटी पडद्यावर 'सहा महिन्यांनंतर' अशी अक्षरं यायची आणि कॅमेरा त्या नव्या घरी जाऊन बघायचा, कुत्रा कसा आहे ते. मी घरी कपडे अल्टर करते. रविवारी हातशिलाईचं काम मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसायचं, मनसोक्त रडायचं आणि हलकं होऊन उठायचं, असा माझा नेम होता. त्यात मुंगी येऊन शेजारी बसायला लागली.

मुंगी म्हणजे माझी भाची. भाऊ आणि वहिनीनं तिला दत्तक घेतलं तेव्हा ती सात वर्षांची होती. एवढीशी, आणि सतत काहीतरी उचलून जागेवर ठेवत असायची, म्हणून मुंगी. संस्थेत येण्याआधी ती ज्या घरात होती तिथं तिला मार बसायचा, एवढंच आम्हाला माहीत होतं. आम्ही जास्त विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

"ताई, तू हिला हे दाखवतेस?" भाऊ दारातूनच ओरडला. "अंगावरचे वळ दाखवतात त्यात!"

माझा भाऊ दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर घासून घासून त्याला जगातली प्रत्येक गोष्ट गुळगुळीत हवी असते.

"वळ दाखवतात, मग औषधही लावतात," मी म्हणाले. "पोरीला कळू दे की वाचवणारी माणसं पण असतात."

"तिची स्वतःची जखम अजून ओली आहे. खपली धरू दे आधी."

शब्दाला शब्द वाढला. मी कसली ऐकतेय! शेवटी वहिनी मध्ये पडली. ती औषधांच्या दुकानात असते, त्यामुळे अर्ध्या गोळीवर तिचा फार विश्वास. ती म्हणाली, "मारहाणीचं संपेपर्यंत मुंगी आत चित्र काढेल. शेवटचा चांगला भाग लागला की तिला हाक मारायची. नवं घर, सहा महिन्यांनंतर वगैरे. तेवढंच बघेल."

यात नाव ठेवायला काही नव्हतं. भावाचं समाधान झालं, माझी सोबत टिकली. दर रविवारी मी हाक मारायची, "मुंगे, चांगला भाग!" आणि ती येऊन ताठ बसायची. हसायची नाही. डोळे मोठे करून बघायची आणि मध्येच विचारायची, "यानं तिथं काही तोडलं का?" किंवा "आता हा तिथंच राहणार?" मी आपली म्हणायची, "अगं, बघ की, किती लाडात आहे!"

एका रविवारी मात्र कॅमेरा नव्या घरी गेला तर कुत्रा तिथं नव्हताच. रात्रभर भुंकतो म्हणून त्या लोकांनी त्याला परत दिला होता. निवेदिका हसतमुखानं सांगत होती की काळजीचं कारण नाही, त्याला आणखी एक छानसं घर मिळालंय. वहिनी म्हणाली, "बरं झालं बाई." मुंगीनं मान हलवली आणि माझ्या पायाशी पडलेले दोऱ्याचे तुकडे वेचायला लागली.

त्यानंतर ती फारच शहाणी झाली. ताट स्वतः धुवायची, चादरीची घडी घालायची, दुसऱ्यांदा काही वाढून घ्यायची नाही. दारात बोट चेमटलं तेव्हा रडलीसुद्धा नाही. संध्याकाळी नख काळं पडलेलं दिसलं तेव्हा आम्हाला कळलं. भाऊ कौतुकानं म्हणाला, "रुळली पोरगी." मी ग्राहकांना सांगत सुटले की अशी गुणी मुलगी शोधून सापडणार नाही.

अशात संस्थेतल्या बाईंचा फोन आला. दत्तक दिलेलं मूल कसं आहे हे बघायला त्या ठरलेल्या वेळी घरी येतात. जेवताना भावानं सांगितलं, "मुंगे, सहा महिने झाले ना, बाई येणारेत आपल्याकडे." ती म्हणाली, "हो बाबा." आणि उठून ताट धुवायला गेली.

मी तिच्यासाठी निळा फ्रॉक शिवायला घेतला. दुसऱ्या दिवशी तिला स्टुलावर उभं करून कंबरेला टाचण्या लावत होते. ती हळूच म्हणाली, "आत्या, थोडा मोठा शिवशील?"

"मोठा कशाला? ढगळ दिसेल."

"तिकडे पण बसायला पाहिजे ना."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून हातात घेतल्या. "तिकडे म्हणजे कुठे गं?"

"पुढच्या घरी," ती म्हणाली, बसचा पुढचा थांबा सांगावा इतक्या साध्या आवाजात. "सहा महिन्यांनी बघायला येतात ना. मी भुंकत नाही, पण तरी."

मी तिला टाचण्यांसकट कडेवर घेतली आणि तशीच स्वयंपाकघरात नेली. भाऊ आणि वहिनीसमोर तिला सगळं परत बोलायला लावलं नाही, मीच सांगितलं. वहिनीनं गॅस बंद केला.

भाऊ कसाबसा म्हणाला, "पण सोन्या, आपण तर तुला फक्त चांगला भाग दाखवत होतो. आम्हाला भीती होती ती त्या मारहाणीची."

"ते मला माहीत असतं," मुंगी म्हणाली. "पुढचं माहीत नसतं."

भावानं मग तिला कोर्ट, कागद, सह्या, सगळं समजावलं. तू कायमची आमची, असं दहा वेळा म्हणाला. प्रत्येक वेळी ती "हो बाबा" म्हणाली, आणि तिचा एकाही अक्षरावर विश्वास बसलेला नाही हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. टीव्ही त्या आठवड्यापासून बंद झाला. मी विरोध केला नाही. पण टीव्ही बंद करून काय होणार होतं? बाई यायच्या होत्याच.

त्या आल्या. वहिनीनं त्यांना बसूही दिलं नाही. दारातच म्हणाली, "आधी हिला सांगा, तुम्ही कशाला आलात ते."

बाई अनुभवी असाव्यात. त्यांनी एकदा निळ्या फ्रॉकमधल्या मुंगीकडे पाहिलं आणि चपला काढायच्या जागी खालीच बसल्या. "मी तुला बघायला नाही आले," त्या म्हणाल्या. "तुला मी ओळखते. मी यांना बघायला आलेय. हे नीट वागतात का तुझ्याशी?"

मुंगीनं आमच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "आणि नाही वागले तर? मला नेणार?"

"छे! चुकणार हे आणि घर तू सोडायचं, हा कुठला न्याय? ओरडा यांना बसेल, तू इथंच."

मुंगीनं फ्रॉकची कड दोन्ही हातांनी ओढून सरळ केली. भावाच्या कपाळावर घाम आला होता.

"बाबा घोरतात," ती म्हणाली.

"बरं," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "आणखी?"

"आई दुधावरची साय काढत नाही. मला साय नाही आवडत." ती थांबली. छत काही कोसळलं नाही. मग तिचा आवाज एकदम वाढला. "आणि वेणी घट्ट घालते, आणि माझी चित्रं तिरकी चिकटवलीत, आणि बाबा गोष्ट सांगताना झोपतात! आणि मला दुसऱ्यांदा भात हवा असतो, कुणी विचारतच नाही!"

बाई तिथंच बसून ऐकत राहिल्या. सकाळपासून घर पुसून पुसून दमलेला माझा भाऊ भिंतीला टेकून उभा होता आणि डोळे पुसत म्हणत होता, "अजून सांग. अजून सांग."

ती सांगत राहिली. आईचं झालं, बाबांचं झालं, घराच्या पंख्याचंही झालं. माझं नाव काही निघेना. खोटं कशाला बोलू, मला ते लागलं.

शेवटी बाई गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या, तशी मुंगीनं त्यांची बाही पकडली.

"थांबा ना," ती म्हणाली, "आत्याचं राहिलंय."