वर्षाच्या आत

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. दिवाळी नुकतीच सरली होती. मंगळवार पेठेतले हंबीरराव संध्याकाळी नेहमीसारख्या म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर उभे होते. गिऱ्हाइकासमोर धार काढायची, फेसाळ ग्लास हातात द्यायचा, हा त्यांच्या वडिलांपासूनचा धंदा. त्या दिवशी मात्र धार कमी आणि बोलणं जास्त चाललं होतं. त्यांची धाकटी, तेजस्वी, हवाई दलाच्या मुलाखतीत निवड होऊन म्हैसूरहून परत आली होती.

शेजारचा कृष्णात म्हणाला, "काय हंबीरराव, आता पोरगी विमानातनं वैरण टाकणार म्हणं?"

"टाकणार की. तुझ्या दारात पयला भारा. कुत्रं तेवढं बांधून ठेव."

सगळे हसले. हंबीररावांनी त्या दिवशी कुणाकडून पैसे घेतले नाहीत.

पोरीनं हे सगळं एकटीनं केलं होतं. थोरला धैर्यशील बारावीनंतर एनडीएच्या परीक्षेला बसला होता, पदवीनंतर सैन्यातल्या अधिकारीपदाच्या परीक्षेला. त्याच्यासाठी पुण्याचा क्लास, वसतिगृह, बदाम, दूध. दोनदा मुलाखतीतून परत आला. तेजस्वी घरच्या धारा काढून कॉलेजला गेली. बी.एस्सी. झाल्यावर हवाई दलाच्या परीक्षेला बसली आणि पहिल्याच खेपेत निघाली. वैमानिकाची म्हणून एक वेगळी चाचणी असते. ती आयुष्यात एकदाच देता येते. हुकली की उडण्याचा नाद सोडायचा. तीही ती पास झाली. आता वैद्यकीय तपासणी आणि मग जुलैत प्रशिक्षणाला जायचं, एवढंच उरलं होतं.

त्याच महिन्यात हंबीररावांच्या आई झोपेतच गेल्या. भरल्या वयाचं, सुखाचं मरण. पण तेराव्याला पंगत उठली, पानसुपारी झाली आणि हंबीररावांची विधवा थोरली बहीण, आक्का, सगळ्या भावकीदेखत बोलल्या. घरात मृत्यू झाला तर वर्षाच्या आत एक लग्न व्हायला हवं, नाहीतर तीन वर्षं कार्य नाही. तेव्हा येत्या चैत्रातच पोरीचं उरकू.

मी त्यांच्या शेजारची; ही रीत लहानपणापासून पाहते आहे. आमच्या गल्लीतल्या कितीतरी मुलींच्या शाळा अशाच कुणाच्या तरी तेराव्याला सुटल्या. मला वाटलं होतं, ते दिवस गेले.

स्थळही लगेच आलं. गगनबावड्याकडचा उदयसिंह, पेट्रोल पंपवाला, शांत मुलगा. लग्नानंतर शिकू दे, नोकरी करू दे, आमची हरकत नाही, असं त्याच्या घरच्यांनी आपणहून सांगितलं. भावकीनं त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा तेजस्वी माजघरात परात घासत होती. ती हात न पुसताच बाहेर आली. प्रशिक्षणाला अविवाहितच घेतात, आणि ते संपेपर्यंत लग्न करता येत नाही, हे तिनं शांतपणे सांगितलं. मग आत्याकडे वळली.

"आक्का, रीत एका लग्नाचीच हाय न्हवं? मग दादाचं करा की. त्यो थोरला हाय."

मग आक्का म्हणाल्या, "त्याचं कसं करायचं? त्याला अजून फौजेत जायचंय. लगीन झालेलं चालत न्हाय तिथं."

म्हणजे नियम त्या घराला ठाऊक होता. न निवडलेल्या मुलासाठी तो पाळला जात होता. निवडलेल्या मुलीसाठी तो आठवतही नव्हता. धैर्यशील मान खाली घालून सुपारी कातरत राहिला.

हंबीररावांना पोरगी वैमानिक व्हायलाही हवी होती आणि आईचं वर्षही पाळायचं होतं. त्यांनी आपल्या परीनं वाट काढली. लग्न साधेपणानं गावातच उरकू, सही-शिक्का कुठं करायचा नाही. "मंगळसूत्र आईपाशी ठेव अन् जा. दिल्लीचा माणूस हितं बघाय येतोय व्हय?"

सरकारचा नियम वाकवता येतो आणि घरची रीत वाकत नाही, असा त्या भल्या माणसाचा समज होता.

"आबा," तेजस्वी म्हणाली, "मला तिथं निवडलं ते मी खरं बोलती म्हणून."

"तवाचं तवा बघू," आक्का म्हणाल्या.

तेजस्वी हिवाळाभर अडून राहिली. वैद्यकीय तपासणीही पार पडली. मग आक्कांनी अन्न सोडलं. आईचा जीव दारात घुटमळतोय, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या. साखरेचा आजार असलेली बाई. एका सकाळी मोरीपाशी कोसळल्या. दवाखान्यात त्यांच्या उशाशी तेजस्वीच्या आईनं पोरीपुढं हात जोडले. तिथंच तेजस्वी वाकली.

"मी लगीन करती," ती म्हणाली, "पर खोटं बोलणार न्हाय. हे ध्यानात ठेवा."

कुणी ध्यानात ठेवलं नाही. चैत्रात अक्षता पडल्या. जूनमध्ये प्रशिक्षणाचं बोलावणं आलं, तेव्हा हंबीरराव पेढे घेऊनच गगनबावड्याला गेले. तिची बॅगही त्यांनी नवी घेतली होती. तेजस्वीनं पेढा घेतला, त्यांना चहा दिला आणि सांगितलं, की आपलं लग्न झाल्याचं तिनं आदल्या दिवशीच हवाई दलाला कळवून टाकलंय. हंबीरराव चहा न पिता बॅग घेऊन परत आले.

आता दोन वर्षं होत आली. आक्का बऱ्या आहेत. आपल्या हट्टानं आईला सद्गती मिळाली, असं त्या मानतात. धैर्यशीलनं वयाची अट ओलांडली. तो कट्ट्यावर धारा काढतो, लग्न अजून व्हायचंय. उदयसिंह खरोखरच सालस आहे. आम्ही तिला कशालाच अडवलं नाही, असं तो मनापासून सांगतो. हंबीरराव पेठेत कुणाच्या तेराव्याला जेवायला बसत नाहीत. वर्षाच्या आतल्या लग्नाचा विषय निघाला की उठून उभे राहतात आणि एवढंच म्हणतात, "पोरीला इचारा पयलं." काही घरं ऐकतात, बरीचशी ऐकत नाहीत.

तेजस्वी गगनबावड्याच्या शाळेत गणित शिकवते. मागं माहेरी आली तेव्हा माझ्याकडे बसली होती. मी विषय काढणार नव्हते, तिनंच काढला.

"माझी जागा रिकामी ऱ्हायली नसंल, काकू. यादीतल्या पुढच्या पोरीला मिळाली असंल. तिच्या घरात त्या वर्षी कोण मेलं न्हवतं, एवढाच काय तो फरक."