सर मागे वळले नाहीत

टोमॅटोची एक बी मोबाइलच्या काचेवर चिकटलेली, बोटाने ढकलली तर सरकते पण सुटत नाही, आणि ती जिथे जिथे जाते तिथला शब्द तिच्याखाली जरा फुगून मोठा दिसतो — ‘उद्यापासून’, मग ‘मी’, मग ‘कोच’... तेजलने शेवटी ती नखाने उडवली. मग मेसेज नुसता राहिला, सपाट. ‘उद्यापासून मी कोच नाही. कुणावर राग नाही. पोरांनी पाणी पीत जावं. सावळीराम.’

बस. पाणी पीत जावं. अख्ख्या अंबड वर्कर्सला — म्हणजे कारखान्यातल्या पोरांची टीम, जिच्यासाठी दर रविवारी कॉलनीतली निम्मी माणसं ग्राउंडवर जातात, आणि जी या रविवारी पहिल्यांदाच जिल्हा लीगची सेमीफायनल खेळणार होती — त्या टीमला एवढी तीन वाक्यं टाकून सर मोकळे झाले होते, आणि खाली ग्रुपवर सकाळी सकाळी रडके चेहरे, हात जोडलेले चेहरे, मॅचला घोषणा देणाऱ्या राकेशचा एक लांबलचक व्हॉइस मेसेज, जो आईसमोर लावण्यासारखा नव्हता.

“पप्पा, सरांनी सोडलं. तुम्हाला माहीत होतं?”

पप्पा कारखान्यात सरांच्याच प्रेस शॉपला, पत्रे दाबणाऱ्या बाजूच्याच मशीनवर. त्यांनी तोंड पुसायला घेतलेला टॉवेल जरा जास्त वेळ तोंडावरच धरला. “संध्याकाळी येतो मी ग्राउंडवर,” टॉवेलच्या आतून ते म्हणाले, आणि आई म्हणाली की तुमच्या त्या फुटबॉलपायी भाजी करपली असती, डबा घे आणि पळ.

ती पळाली. सायकलवर पाय चालत होते आणि डोक्यात एकच गोष्ट मागेपुढे हलत होती, दाताखाली आलेल्या खड्यासारखी — सर गेले हे ठीक, म्हणजे ठीक नाहीच, पण मग माझा ताशा? आणि लगेच लाज वाटली. माणूस गेलाय आणि हिला ताशाचं पडलंय. पण लाज वाटूनही प्रश्न गेला नाही, उलट वर्गात, बाकावर, शेजारी बसल्यासारखा बसून राहिला.

मराठीच्या तासाला मॅडमनी तिला उभं करून धडा वाचायला सांगितला. ती वाचत होती आणि वाचता वाचताच तिच्या लक्षात आलं की आपण किती सावकाश वाचतोय. आठवीत ती वाचायची म्हणजे कुत्रं मागे लागल्यासारखी, वाक्य संपायच्या आत दुसरं, श्वास नाही, डोळे पुस्तकात खुपसलेले, कधी एकदा बसते असं. आता ती पूर्णविरामावर थांबत होती, वर बघत होती, मागच्या बाकावरच्या पोरांनाही बघत होती आणि तीच पोरं नजर खाली घेत होती... हे कुठून आलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. हे शाळेत आलेलं नव्हतं.

हे त्या रविवारचं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत गळ्यात ताशा अडकवणारी कॉलनीतली ती पहिली मुलगी, आणि त्याच गुर्मीत तो ताशा घेऊन ती वर्कर्सच्या मॅचला गेली, नि टचलाइनच्या मागे बसून असा काही तडतडवला की म्हाताऱ्या बायांनी कानात पदर कोंबले. हाफटाइमला सर तिच्याकडे चालत आले. सर म्हणजे बारीक, खांद्यावर पंचा, आवाज असा की दोन हातांवरच्या माणसाला पुढे झुकून ऐकावं लागावं. प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. तिथे ओरडून काही उपयोगच नसतो, पप्पा सांगायचे, तिथे हाताने बोलायचं नाही तर पान्याने पत्र्यावर ठोकून. तिला वाटलं, गेला आपला ताशा. आणि सर वाकून म्हणाले, “हळू वाजवता येतं का?”

“येतं की.”

“वाजव.”

तिने वाजवला. सर ऐकत राहिले — मान तिरकी करून, एक कान पुढे करून. “हे हळू नाही. हे घाबरलेलं आहे. हळू म्हणजे घाई येत असून न करणं.” मग त्यांनी बोटाच्या पेराने शेजारच्या लोखंडी बाकावर ठोकून दाखवलं, एक... एक... एक... आणि तिच्या अंगावर काटा आला, कारण त्या ठोक्यांच्या मधली जागा भरलेली होती. रिकामी नव्हती.

त्यानंतरच्या सगळ्या मॅचेस. सर टचलाइनवर उभे, पाठ हिच्याकडे. पोरं चिडली, धावून दमली, की सर मागे वळायचे आणि तळहात खाली दाबायचे — आणि ही संथ ठोका धरायची, आणि खरंच, आईशप्पथ, पोरं बॉल पायात ठेवू लागायची, एकमेकांना देऊ लागायची. दोन बोटं वर केली की द्रुत, की अश्विन डावीकडून सुटलाच. बाकीच्यांना वाटायचं, भिकनची पोरगी मजेसाठी वाजवते. राकेशला तर वाटायचं की त्याच्या घोषणांना साथ म्हणून वाजवते. ती आणि सर, त्या दोघांनाच माहीत होतं... दोघांनाच. एवढी मोठी गोष्ट आतल्या आत ठेवून चालायची मजा काय असते ते सांगता येत नाही, रस्त्याने नुसतं चाललं तरी आपण कुणीतरी असतो.

फक्त या वर्षी सर मागे वळायचे कमी झाले. दिवाळीनंतर तर वळलेच नाहीत. ती वाट बघायची त्या पाठीची, त्या पंच्याची. आपलं काही चुकलं का, रागावले का... आणि मॅच तर थांबत नाही, मग ती स्वतःच बघून ठरवायला लागली, आता संथ, आता द्रुत, आता बंद. टीम जिंकत होती. सर मॅच संपल्यावर तिच्यासमोरून जाताना मान हलवायचे, पहिल्यासारखीच. विचारायचं धाडस झालं नाही. सगळं धाडस होतं, तेवढंच नव्हतं.

संध्याकाळी ती पोचली तेव्हा ग्राउंडवर पोरं नावाला प्रॅक्टिस करत होती आणि कडेला समर्थकांची सभा भरलेली होती, म्हणजे दहा-बारा माणसं, तीन स्कूटर आणि नवसाबाई. नवसाबाई गोलकीपर झुंबरची आई, एकही मॅच न चुकवणारी, रेफरीला त्याच्या आईवडिलांसकट ओळखणारी.

“देवळाली कॅम्पातले ते रिटायर सुभेदार आणा,” राकेश म्हणत होता. “आवाज ऐकलाय का त्यांचा? तिकडे खोकले तर इकडे पोरं धावतील.”

“खोकून गोल व्हत्यात व्हय?” नवसाबाई म्हणाल्या. “मी म्हंते आमच्या झुंबरला करा. गोलात नुसता उभाच ऱ्हातो, तेवढंच बसल्या जागी दुसरं काम.”

“मावशी, तो गोल अडवतो.”

“लय अडवतो. घरी पोळीसुदिक अडवत नाय.”

सगळे हसले, तेजलही हसली, आणि हसताना तिला दिसलं की बाजूला निळ्या ट्रॅकसूटमध्ये एक तरुण माणूसही हसतोय. राज सर. पुण्याहून कोचिंगचं लायसन्स काढून आलेले. कमिटीने रविवारपुरतं तरी यांनाच विचारलंय, असं राकेशने कानात सांगितलं. वाईट नव्हता माणूस. तोच तिच्याकडे आला.

“ताशा तू वाजवतेस ना? मी एक मॅच बघितली तुमची. भारी वाजवतेस.” मग जरा चाचरत, “फक्त एक आहे बघ, मला बाहेरून सारखं ओरडावं लागतं. पोरांना माझा आवाज जायला हवा. तर असं करू, गोल झाल्यावर वाजव तू. दणकून.”

गोल झाल्यावर. तिला वाटलं आपण गप्प बसू, आणि तिच्या तोंडून मात्र नीट, सावकाश, पूर्णविरामासकट बाहेर पडलं, “गोल झाल्यावर कुणीही वाजवतं. मी गोलच्या आधी वाजवते.”

“म्हणजे?”

मग सांगावं लागलं. दोन वर्षं आत ठेवलेलं, तळहात खाली, दोन बोटं वर, सगळं. सांगताना ते इतकंसं झालं, पोरखेळासारखं. राज सर मात्र लक्ष देऊन ऐकत होते. “हे भारी आहे,” ते म्हणाले. “म्हणजे या सीझनलाही सरच इशारा करत होते?”

खोटं बोलता आलं असतं. “नाही,” ती म्हणाली. “या वर्षी... नाही. वळलेच नाहीत.”

राकेश फिसकन हसला. “म्हणजे तू आपली आपणच वाजवत होतीस होय. आणि तुझं ऐकून आम्हाला वाटलं, मॅच तेजल मॅडम जिंकवतायत.”

त्याने थट्टाच केली, राकेश तसाच आहे, त्याच्या मनात काही नसतं. पण ते बरोबर त्याच जागी लागलं. कारण कुणी विचारलं नसतं तरी तोच प्रश्न होता, सकाळपासूनचा, त्याला उगाच ताशाचं नाव दिलं होतं — मी काही करत होते का, की एका भल्या माणसाने कॉलनीतल्या एका पोरीला हातात खुळखुळा द्यावा तसा... आणि तसं असेल तर हे सगळं, हे सावकाश वाचणं, ही वर केलेली मान, हे कशावर उभं आहे?

पप्पा कधी येऊन मागे उभे राहिले होते कोण जाणे. त्यांनी तिला खांद्याला धरून निंबाच्या झाडापर्यंत नेलं. पप्पांना अवघड बोलायचं असलं की त्यांची भाषा गावाला, सटाण्याला परत जाते.

“त्याले आयकू ये नही, पोरी.”

“कुणाला?”

“सावळीरामभाऊला. डावा कान तर कधीचाच गेला. उजवा दिवाळीला गेला. शॉपमध्ये मला एकट्याला माहीत शे, कुणाला बोलू नको म्हणाला. मागच्या रविवारी अश्विन पडला ना, पाय धरून? त्याने सर, सर म्हणून हाका मारल्या. याची नजर दुसऱ्या टोकाला. अख्खं ग्राउंड ओरडतंय आणि हा उभा. रात्रभर झोपला नाही. पोरगं हाक मारतं आणि मला कळत नाही, मग तिथे मी कशाला उभा, म्हणे.”

तिला आधी अश्विन दिसला, चिखलात, पाय धरून. मग ती पाठ. वळलेच नाहीत, वळलेच नाहीत... वळणार कशाने, मागे काही वाजतंय हेच ज्या माणसापर्यंत जात नव्हतं? मी त्या पाठीवर रागावले होते. मी त्या पाठीसाठी वाजवत होते. आणि पहिल्या दिवशीची ती तिरकी मान, तो पुढे केलेला एक कान... तेव्हाही सर एकाच कानाने ऐकत होते, आणि तेवढ्यात त्यांना कळलं होतं की हे घाबरलेलं आहे.

“मग माझा ताशा?” तिचा आवाज चिरकला. “दिवाळीपासून त्यांनी ऐकलाच नाही?”

“ऐकला नाही. पण तो म्हणायचा, पोरगी काय वाजवते ते मला पोरांच्या पायात दिसतं. डबा खाताना सांगायचा. आज तिने उशिरा धरला, आज बरोबर धरला. मी खुणेने म्हणायचो, हात कर की मागे, ती बघत असते. तर म्हणे, काही गरज नाही.”

“हे खरं सांगताय? की मला बरं वाटावं म्हणून?”

पप्पांनी कपाळ चोळलं. “तो म्हणाला एवढं खरं. त्याला दिसत होतं का, ते त्यालाच माहीत.”

ही पप्पांची खोड. दिलासा देताना शेवटी एक काडी तशीच टोचती ठेवायची. पण त्यांचं बरोबर होतं. सरांनी डबा खाता खाता पप्पांना बरं वाटावं म्हणूनही म्हटलं असेल. किंवा स्वतःला, आता काहीच ऐकू येत नाही हे मानायला नको म्हणून... ती झाडाच्या बुंध्याशी बसली. समोर प्रॅक्टिस चालली होती, कुणी कुणाला शिव्या देत होतं, झुंबर आईकडे बघून हात जोडत होता, सभेत पुन्हा सुभेदारसाहेबांचं नाव निघालं होतं. तिने दोन्ही तळवे कानांवर ठेवले. घट्ट. इतके घट्ट की आत स्वतःच्याच रक्ताची गरगर ऐकू आली आणि मग हळूहळू तीही मागे सरली.

ग्राउंड दूर गेल्यासारखं झालं. तोंडं उघडत होती, मिटत होती, त्यांचं काही नव्हतं. तिने नजर खाली आणली, पायांवर. आधी नुसते पायच दिसले, बूट, मोजे, धूळ. कुठे काय दिसतं यात? अश्विनचा दुखरा पाय जरा उचलून टाकला जात होता. त्याच्याकडे बॉल आला, त्याने तो थांबवला, उगाचच थांबवला, आणि पलीकडचा पोरगा त्याच वेळी थांबला, आणि तिसरा... कुणी वाजवत नव्हतं. तरी त्या थांबण्यांच्या मधे काहीतरी होतं. किंवा तिला वाटलं. ते गेलं. परत येतं का म्हणून ती बघत राहिली.

सर असं बघत असत. महिनोन्‌महिने, या एवढ्या शांततेत, एकटे, मागे एक पोरगी जीव खाऊन वाजवतेय हे गृहीत धरून. ती वाजवतेच आहे एवढं त्यांनी न बघता धरलं होतं. त्यांना पायांत काही दिसलं असो की नसो, हे एवढं तर होतंच — आणि ते आठवताना तिला जे वाटलं ते दुःख म्हणावं असं नव्हतं, त्याची ऊब होती, भरल्या ताटासमोर बसावं तसं काहीतरी, ज्याबद्दल कुणाला जाऊन थँक्यू म्हणता येत नाही. आणि म्हटलं तरी ते ऐकणार नाहीत, हे मनात येऊन तिला एकदम हसू आलं, आणि हसताना डोळे वाहिले, आणि तिने ते पुसले नाहीत कारण हात मोकळे नव्हते.

समोरून राकेश तिच्याकडे बघून काहीतरी विचारत होता. राज सरही. सुभेदार, राज सर, की कोण, हेच असणार, किंवा ताशाचंच असेल... त्यांची तोंडं हलत होती. सांगेन, ती मनात म्हणाली, दोन मिनिटं थांबा, सांगते. आणि तळवे तसेच ठेवून तिने नजर पुन्हा खाली नेली.