दीड मीटरचा शालू

मी राधिकाचा लग्नातला शालू. रंग डाळिंबी, अंगभर जरीचे बुट्टे, काठ चांगले चार बोटं रुंद. हे वर्णन माझ्या उमेदीच्या काळातलं. आज माझ्यातलं जेवढं शिल्लक आहे, तेवढंच तुमच्याशी बोलतंय.

जन्म बनारसचा. मागावरचे दिवस मला फारसे आठवत नाहीत. नीट आठवतं ते पुण्यातलं दुकान. २०१० साल, दिवाळी नुकतीच झालेली. नीलिमाताई आणि पद्माकरराव मुलाच्या लग्नाची खरेदी करायला आले होते. मुलगा अनीश सिंगापूरला सॉफ्टवेअरमध्ये होता, होणारी सून राधिका फिजिओथेरपिस्ट. नीलिमाताईंनी दुकान पालथं घातलं होतं. पद्माकरराव गादीच्या कडेला बसून चहा पीत होते. साड्यांच्या भानगडीत कधी न पडणारा माणूस! पण दुकानदारानं मला उलगडलं आणि त्यांनी कप खाली ठेवला.

"नीलिमा, हाच घे. पोरीला खुलेल."

"अगंबाई! तुम्ही कधीपासून रंग बघायला लागलात?"

"आपल्या घरात पहिली सून येतेय. आता नाही बघायचे तर कधी?"

झालं. बाकीचे ढीग आवरले गेले आणि माझी घडी पिशवीत पडली.

लग्न डिसेंबरात पुण्यातच झालं. राधिका मला नेसून उभी राहिली तेव्हा पद्माकररावांनी लांबूनच बायकोला खूण केली, बघ, म्हटलं नव्हतं? दिवसभर मी तिच्या अंगावर होतो. घाम, हळदीची बोटं, केसांवर मारायचा फवारा, सगळं थोडंथोडं माझ्यात मुरलं. जेवणाच्या वेळी कुणीतरी धक्का दिला आणि तिच्या हातातलं लिंबू सरबत माझ्या खांद्यावर सांडलं. ओलं होतं ते वाळलं, डाग काही दिसला नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. लग्नानंतर शालू आधी स्वच्छ करून मग ठेवायचा असतो, हे त्या गडबडीत कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मी होतो तसाच सुटकेसमध्ये गेलो आणि विमानात बसलो.

पुढच्याच वर्षी पद्माकरराव गेले. बसल्या जागी, हृदयविकारानं. अनीश-राधिका पुण्याला जाऊन आले. परत आल्यावर राधिकानं सुटकेस उघडली, मला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ नुसती हात फिरवत राहिली. "बाबांनी घेतलेला आहे," ती अनीशला म्हणाली, "ह्याला काही व्हायला नको."

अनीशनं मनापासून तोड काढली. पासिर रिसला ते राहायचे, त्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक खोली होती. तिला म्हणायचं बॉम्ब शेल्टर, पण घरोघरी तिथे सुटकेसी आणि जुनी खोकीच भरलेली असतात. अनीशनं मला प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घातलं, चार डांबरगोळ्या टाकल्या आणि व्हॅक्यूम क्लीनर लावून आतली हवा ओढून घेतली.

"हवाच नाही म्हटल्यावर बुरशी येईलच कशी?" तो म्हणाला.

राधिकाला पटलं. माझं कोण ऐकणार? सिंगापूरच्या दमट हवेत महिनोन्महिने सुटकेसमध्ये पडून मी आधीच ओलसर झालो होतो. तो ओलावा, तो घाम, ते सरबत, सगळं माझ्यासकट पिशवीत बंद झालं. पिशवी रॅकवर गेली, तिच्यावर दोन बॅगा आल्या, आणि दार लागलं.

वाईट कुणाच्या मनात नव्हतं. राधिका नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये कामाला जायची, अनीश वन-नॉर्थच्या ऑफिसात. दोघंही दमून यायचे. नीलिमाताई पुण्याहून फोन करायच्या आणि इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या की हमखास विचारायच्या, "शालू बघितलास का गं? घड्या बदलल्यास का? उन्हात नको टाकू, सावलीत वारा दे."

"हो आई," राधिका म्हणायची. म्हणताना तिला खरंच वाटायचं, या रविवारी काढू. रविवारी धुणं असायचं, बाजार असायचा. मध्ये एक वर्ष असं आलं की शेजारच्या देशातली जंगलं पेटली, त्यांच्या धुरानं इथलं आकाश करडं झालं, आठवडेच्या आठवडे खिडक्या बंद. त्या दिवसांत कोण कपाटं उघडतंय? मग काढायचं राहिलं, आणि राहिलं म्हणून काढायची भीती वाटायला लागली.

मधल्या काळात अनीशची धाकटी बहीण इरा सिंगापूरला शिकायला आली, बँकेत नोकरीला लागली आणि २०१६ मध्ये तिचं लग्न ठरलं. मुलगा रुचिर, इथेच जन्मलेला, इथल्याच मराठी घरातला. लग्नही इथेच करायचं ठरलं. दोघं पहिल्यांदा जेवायला आले त्या संध्याकाळी इरानं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "वहिनी, एक मागू? मला नवा शालू नको. बाबांनी तुझ्यासाठी घेतलेला आहे ना, तो नेसायचाय. बाबा तर नाहीत. निदान त्यांच्या पसंतीचं काहीतरी अंगावर असू दे."

रुचिरला शालू म्हणजे नेमकं काय ते ठाऊक नसावं, पण त्यानं लगेच मान डोलावली आणि इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "कॅन ला! नाइस आयडिया."

राधिका हसली. "अगं, मागतेस काय? तुझाच आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं हॉस्पिटलातून सुट्टी घेतली, शेल्टरचं दार उघडलं आणि बॅगा बाजूला केल्या. पिशवीत कधीतरी हवा शिरली होती, ती फुगली होती. तिनं कात्रीनं तोंड कापलं. वास आला, तशी ती मागे सरली.

माझी अवस्था मीच सांगतो. वरच्या घड्यांवर बुरशीचे पांढुरके डाग पडले होते. गोळ्या जिथे चिकटल्या होत्या तिथली जर काळी झाली होती. खांद्यावरचं न दिसलेलं सरबत आता तपकिरी होऊन चांगलं तळहाताएवढं दिसत होतं. तिनं मला अलगद उलगडायला घेतलं आणि पहिल्याच घडीवर मी फाटलो. आवाजसुद्धा झाला नाही फारसा, वाळलेलं पान मोडावं तसा. राधिका तिथेच फरशीवर बसली. रडली नाही. नुसती त्या फाटलेल्या कडा एकमेकींना जुळवून बघत राहिली.

लाँड्रीत नेलं, तर तिथल्या बाईंनी मला एका बोटानं उचललं आणि परत ठेवलं. "दिस वन आय डोन्ट डेअर. वॉश, ऑल गॉन."

अनीशला भयंकर लागलं. पिशवीची कल्पना त्याचीच होती. दोन दिवसांनी तो म्हणाला, "सेरंगून रोडला शालू मिळतात. असाच बघू या. आई काय, इरा काय, सहा वर्षांपूर्वीचा रंग कुणाला आठवतोय?"

मी त्या खरेदीला गेलो नव्हतो. माझा ब्लाउज गेला होता, रंग जुळवायला. पुढचं त्यानं मला सांगितलं. रंग जुळला. बुट्टे थोडे मोठे होते, पण काठ हुबेहूब. दुकानदार बांधायला लागला, अनीशनं पाकीट काढलं, आणि राधिकानं त्याचा हात धरला.

"नको."

"का? मिळालाय तर खरा!"

"लग्नात इरा त्याला हात लावून बाबांना नमस्कार करेल. तेव्हा मी कुठे बघू?"

अनीशनं पाकीट परत खिशात ठेवलं. दोघं रिकाम्या हातानं परत आले.

त्याच शनिवारी तिनं इराला बोलावलं आणि मला दाखवलं. इरा आधी पांढरी पडली, मग लाल झाली. "वहिनी, वर्षातून एकदा तरी उघडायचा ना! आई दर वेळी विचारायची, तू हो म्हणायचीस. म्हणजे खोटंच ना?"

"हो," राधिका म्हणाली.

इरा पर्स उचलून निघून गेली. त्यानंतर तिचे मेसेज अनीशला यायचे, राधिकाला नाही.

नीलिमाताई लग्नाआधी महिनाभर येणार होत्या. फोनवर सांगून टाक, असं अनीशचं मत. राधिका म्हणाली, "असलं फोनवर सांगत नाहीत." त्या आल्या, अंघोळ झाली, चहा झाला. राधिकानं पलंगावर पांढरी चादर अंथरली, त्यावर मला ठेवलं आणि त्यांना हाक मारली.

"आई, माझ्याकडून शालू जपला गेला नाही. तुम्हाला मी हो म्हणत होते, पण उघडून एकदाही बघितला नव्हता."

"प्लॅस्टिकमध्ये मी घातला होता," दारातून अनीश म्हणाला.

नीलिमाताईंनी चष्मा लावला आणि त्या माझ्याशेजारी बसल्या. एकेक घडी बोटांनी चाचपली. खांद्यावरच्या डागाशी आल्या, काळ्या जरीशी आल्या, फाटलेल्या जागी थांबल्या. राधिका भिंतीला टेकून उभी होती.

"वाईट वाटतंय," शेवटी त्या म्हणाल्या. "नाही कशाला म्हणू? खूप वाईट वाटतंय." मग थोड्या वेळानं, "पण मी दर वेळी विचारायचे ते काही शालूच्या काळजीनं नाही गं. शालूचं विचारलं की ह्यांचा विषय निघेल असं वाटायचं. तू 'हो आई' म्हणायचीस आणि विषय संपायचा."

राधिका एकदम खाली बसली, त्यांच्या पायांशी. आता मात्र ती रडली. आणि मग त्या दुकानाची गोष्ट तिनं पहिल्यांदा पुरती ऐकली: चहाचा कप, 'पोरीला खुलेल', सगळं.

दुसऱ्या दिवसापासून दोघी कामाला लागल्या. मला पंख्याखाली, सावलीत पसरलं. खोलीत हवेतलं पाणी ओढणारं मशीन लावलं. संध्याकाळी त्याची टाकी भरलेली बघून नीलिमाताईंनी कपाळाला हात लावला. "एवढं पाणी ह्या हवेत? मग बिचारा शालू काय करेल!" बुरशी पूर्ण सुकल्यावर त्यांनी तोंडाला रुमाल बांधून, मऊ ब्रशनं, बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये मला झटकलं. अंगाचा बराचसा भाग गेलेलाच होता. पण पदर घडीत सगळ्यात आत होता, त्याला ना गोळी लागली होती ना सरबत. पदर आणि त्याला लागून थोडं अंग, एवढं धड निघालं. नीलिमाताईंनी कात्री घेतली. मला काय वाटलं विचाराल, तर दुखलं नाही. कुजलेलं अंग ओढत राहण्यापेक्षा हे बरं.

कुठे विरलंय का ते बघायला दोघींनी तो तुकडा खिडकीपुढे आडवा ताणून धरला. तेवढ्यात इरा आली. आईला भेटायला यावंच लागणार होतं. दारातून तिला दिसलो फक्त मी, मागून उजेड येणारा, आणि माझ्या पलीकडे कुणाची तरी सावली.

"आई," ती म्हणाली, "हा अंतरपाट होईल."

"काहीतरीच काय! अंतरपाट पांढरा असतो."

"पण स्वच्छ आहे ना? आणि फाटका भाग गेलाय ना? नेसता येत नाही तर नाही. बाबा मधे उभे राहतील."

नीलिमाताईंनी राधिकाकडे बघितलं. राधिका म्हणाली, "कुंकू मात्र थेट रेशमावर नको. मलमलीच्या तुकड्यावर स्वस्तिक काढते आणि कच्चे टाके घालते." इरा पुढे आली आणि तिच्या हातातलं माझं टोक स्वतः धरलं. "तू बस, वहिनी. हात दुखले असतील." त्या दोघींचं एवढंच बोलणं झालं, पण त्या रात्री इरा तिथेच जेवायला थांबली.

नेसायचा शालू मग तिघींनी जाऊन आणला.

लग्नात माझं एक टोक अनीशनं धरलं, दुसरं रुचिरच्या काकांनी. एका बाजूला इरा, एका बाजूला रुचिर. मंगलाष्टकं लांबली तसा रुचिर हळूच मला विचारावं तसं पुटपुटला, "नाऊ कॅन सी?" पलीकडून इरा म्हणाली, "नॉट येट ला." मग तिनं बोटांची टोकं मला लावली आणि ती कपाळाला नेली. राधिका समोरच उभी होती. सरळ बघत होती.

आता मी दीड मीटर आहे. मलमलीत गुंडाळलेला असतो, हवेशीर कपाटात मधल्या फळीवर, बाहेरच्या भिंतीपासून दूर. प्लॅस्टिक नाही, डांबरगोळ्या नाहीत. मला टांगतही नाहीत. जरीच्या ओझ्यानं ताणलो असतो. काही महिन्यांनी राधिका काढते, पंख्याखाली ठेवते, आधीच्या घडीवर घडी न घालता वेगळ्या रेषेवर दुमडते. बाकीचं काही फार करावं लागत नाही. तुमच्या घरी माझं कुणी भाऊबंद असेल, तर एवढंच करा, आणि आज करा.

शालू होतो तेव्हा एका दिवसासाठी नेसला गेलो आणि बंद झालो. अंतरपाट झाल्यापासून मात्र मला मागणी आहे. इराच्या बँकेतल्या मैत्रिणीच्या लग्नाला नेलं, मग राधिकाच्या हॉस्पिटलमधल्या एका डॉक्टरच्या. येत्या रविवारी गार्गी नावाच्या मुलीचं लग्न आहे म्हणे. माझी तिची ओळख नाही. ती सकाळीच येऊन मला बघून गेली आणि हात धुऊन मगच हात लावला, म्हणून आवडली.

राधिकानं पंखा बंद केलाय. येतेय ती घडी घालायला. बरं, निघतो.